शंका विचारायला सोबत हवी

घरी श्रद्धा सांभाळावी लागत नाही. आई मिस्साला उठवते, संध्याकाळी रोझरी होतेच. सुरतला हॉस्टेलवर आल्यावर हे सगळं आपल्यावर येतं. त्यात वर्गात मार्क्स, नित्शे शिकताना प्रश्न पडतात. कुणी ते दाबून टाकतं, तर कुणी हळूहळू चर्च सोडतं.

खरं तर प्रश्न विचारणं आपल्या परंपरेतच आहे. इंग्लंडचे जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात लोक शंका विचारतात आणि पाद्री ओव्यांतून उत्तरं देतात. शंका घेतली म्हणून कुणाला हाकलत नाहीत.

कॉलेजच्या मुलामुलींसाठी १९२४ मध्ये ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, म्हणजे ‘आयकफ’ सुरू झालं. पण संघटना जवळ नसली तरी तिघं-चौघं पुरतात. बेल्जियमचे फादर कार्डाइन यांनी तरुण कामगारांना दिलेली रीत सोपी आहे: पाहा, पारखा, कृती करा. समजा, रूममेट मेसला येईनाशी झाली. आधी तिचं काय बिनसलंय ते पाहायचं. मग शुभवर्तमान वाचून आपण काय करावं ते पारखायचं. आणि त्याच आठवड्यात तिच्यासाठी काहीतरी करायचं.

आठवड्यातून एक तास ठरवा. तिथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. उत्तर सापडलं नाही तर फादरना, सिस्टरना विचारा. आणि एखादी मैत्रीण दोन रविवार मिस्साला दिसली नाही, तर लेक्चर न देता नुसता फोन करा.