विश्लेषण : पाकिटाच्या तोंडावर तारे की इशारा?

पाकीटबंद पदार्थात साखर, मीठ आणि संपृक्त चरबी किती, हे पाकिटाच्या दर्शनी भागावर कळले पाहिजे, याबद्दल आता फारसा वाद नाही. वाद आहे तो ते कसे छापावे याचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीच्या शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली होती. नंतर ती वाढवावी लागली.

सध्या काय छापतात?

आकडे असतात, पण मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. त्यातही मिठाऐवजी सोडियम लिहिलेले. समजा, १०० ग्रॅम फरसाणात ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. त्याला अडीचने गुणले की २ ग्रॅम मीठ निघते. प्रौढ व्यक्तीची दिवसाची मर्यादा साधारण ५ ग्रॅम. दुकानात उभे राहून हे गणित कोण करणार? शिवाय मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पाळला जातो, मराठी ऐच्छिक. हिरवा ठिपका मात्र अक्षरओळख नसलेल्यालाही कळतो.

तारे कसे मिळणार?

‘एफएसएसएआय’च्या सप्टेंबर २०२२ च्या मसुद्यात अर्धा ते पाच तारे सुचवले आहेत. साखर, सोडियम, चरबी यांचे गुण मोजायचे आणि डाळी, सुकामेवा, भरडधान्ये, तंतू, प्रथिने यांचे गुण त्यातून वळते करायचे. मेख इथेच आहे. गोड बिस्किटात नाचणी आणि बदाम घातले की तारे वाढू शकतात; साखर तेवढीच राहते. मधुमेहीला ही सरासरी काय कामाची? जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ, संपृक्त चरबीचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव आला. पण आकडा जास्त की कमी, हे त्यातूनही ग्राहकालाच ठरवावे लागते.

इशाऱ्याची पद्धत

चिलीत २०१६ पासून साखर, सोडियम, संपृक्त चरबी किंवा उष्मांक मर्यादेबाहेर गेले की प्रत्येकासाठी वेगळा काळा अष्टकोन छापतात. एकाचा दोष दुसऱ्याच्या गुणाने झाकला जात नाही. असा अष्टकोन असलेला पदार्थ तिथल्या शाळांत विकता येत नाही. मेक्सिकोनेही २०२० मध्ये हाच मार्ग धरला.

आपल्याकडे असे केले तर लोणची-पापडांवरही शिक्का बसेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. लोणचे चमचाभर खातात, वेफर्स पाकीटभर. त्यामुळे मर्यादा १०० ग्रॅममागे किती आणि कोणत्या पदार्थाला वेगळी, यावरच कुठल्या पाकिटावर इशारा येणार हे ठरेल.