मागच्या सीटवरची कॉन्टेसा

कोल्हापूरला मामांच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात जुन्या धोतरात गुंडाळलेले मागचे दोन दिवे, दाराच्या रबराची तीन वेटोळी, एक इंडिकेटर आणि वायपरचे दांडे आहेत. यातलं काहीच आज लागत नाही. पुढं कधीतरी लागेल म्हणून मामांनी ते जमवून ठेवलंय. गाडी खाली पोर्चमध्ये उभी असते. पांढरी कॉन्टेसा क्लासिक, १९९२ चं मॉडेल. एका साखर कारखान्यानं आपल्या चेअरमनसाहेबांसाठी घेतलेली ही गाडी २००१ साली लिलावात मामांकडं आली.

"इंजिनाचं काय घेऊन बसलास," मामा म्हणतात. "इंजिन कुणीही करून देईल. मागच्या दिव्याची काच कोण करून देणार, सांग की."

कॉन्टेसा ज्यांनी वापरली त्यांच्याशी मी बरंच बोललो आहे. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई असे सगळीकडचे लोक. मतं एकमेकांच्या अगदी विरुद्ध. कुणी म्हणतं, अशी गाडी पुन्हा झाली नाही. कुणी म्हणतं, नुसतं अंग मोठं, दम नाही. बरेच दिवस मला वाटायचं की यातलं कुणीतरी आठवणींच्या भरात बोलतंय. मग लक्षात आलं की सगळेच खरं बोलतात. प्रश्न एवढाच असतो की ते कुठल्या साली घेतलेल्या गाडीत बसले आणि कुठल्या सीटवर बसले.

गाडीचा जन्म समजून घेतला की हा घोळ सुटतो. हिंदुस्तान मोटर्सच्या कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकापासून अँबॅसिडर बनत होती. तिच्या वरची, ऐटदार गाडी कंपनीला हवी होती. ती सापडली इंग्लंडमध्ये. ल्यूटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीनं १९७२ साली आणलेली एक मोठी गाडी पुढं व्हीएक्स या नावानं विकली जात होती आणि १९७८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं होतं. तिचे साचे भारतात आले आणि १९८४ मध्ये त्यातून कॉन्टेसा बाहेर पडली. लांब बॉनेट, कमरेशी किंचित दबून मागच्या चाकावर पुन्हा फुगणारी रेघ, रुंद चेहरा. हे रूप अमेरिकन वाटतं त्याला कारण आहे. व्हॉक्सहॉल ही १९२५ पासून अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या मालकीची होती.

अंग इंग्लंडहून आलं, इंजिन मात्र घरचंच. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं. साधारण पन्नास अश्वशक्तीचं हे इंजिन साडेचार मीटरहून लांब, जड गाडीला ओढायला बसवलं. पहिल्या तीन-चार वर्षांत गाडी घेतलेले मालक आणि त्यांचे ड्रायव्हर म्हणूनच पिकअपबद्दल बोलतात. घाट लागला, आत पाच माणसं, त्यात एसी चालू, की दुसऱ्या गिअरवरून वर जाताच येत नसे, असं एका निवृत्त ड्रायव्हरनं मला सांगितलं. कात्रजचा घाट चढताना ते आधी एसी बंद करायचे आणि साहेबांना काचा खाली घ्यायला सांगायचे. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या थोराड बैलजोडीची खोड सांगावी तसं ते सांगत होते.

मग जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, सोबत पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. अश्वशक्ती अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेली. ही क्लासिक. ती चालवलेला माणूस वेगळीच गाडी चालवल्यासारखा बोलतो. हायवेला पाचवा टाकला की इंजिनाचा आवाज खाली बसतो, गाडी जमीन धरून पळते, असं त्याचं म्हणणं. पुढं डिझेल इंजिनही आलं. त्याचे मालक पुन्हा तिसरंच बोलतात: खर्चाला परवडली, पण गाडीची ऐट गेली. पेट्रोलवाल्यांना ॲव्हरेज विचारलं की शहरात लिटरला आठ-नऊ सांगतात, आणि बहुतेक जण आकडा सांगून लगेच विषय बदलतात.

पण हे सगळं पुढच्या सीटवरचं मत झालं. कॉन्टेसा मुळात मागच्या सीटसाठी घेतली जायची. मंत्री, सरकारी अधिकारी, कारखान्यांचे चेअरमन, डॉक्टर, बिल्डर. हिंदी सिनेमातले खलनायकही तिच्यातूनच उतरायचे आणि मागच्याच दारानं उतरायचे. मागं बसणाऱ्याला काय मिळत होतं, हे मला आजीमुळं कळलं. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रिक्षात पाय दुमडायचा, मारुती ८०० मध्ये तर आत शिरतानाच ती कळवळायची. कॉन्टेसात ती आधी मागच्या सीटच्या कडेवर टेकायची, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घ्यायची आणि तो सरळ लांब करायची. पंढरपूरपर्यंत ती तशीच गेली. मध्ये एकदाही गाडी थांबवायला सांगितलं नाही.

जागा हे त्यातलं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं गाडीच्या पोटाखाली आहे. अँबॅसिडरला मागं पाटे होते, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या. पाटे भार उत्तम पेलतात, पण खड्ड्याचा धक्काही बराचसा वर पाठवतात, कारण गाडी उचलून धरणं आणि एक्सल जागेवर ठेवणं ही दोन्ही कामं त्यांच्याकडंच असतात. कॉन्टेसाच्या मागच्या एक्सलवर गुंडाळी स्प्रिंग होत्या. एक्सलला पुढं-मागं सरकू न देण्याचं काम दांड्यांकडं आणि डावी-उजवीकडं न हलू देण्याचं काम एका आडव्या दांड्याकडं. त्यामुळं स्प्रिंगला एकच काम उरलं: मऊपणे दबणं आणि मऊपणे उठणं. शिवाय पुढच्या नि मागच्या चाकांत पावणेतीन मीटरच्या जवळपास अंतर. खड्डा येतो, पण गाडी मान हलवून होकार दिल्यासारखी हलते नि पुढं जाते. ऐंशीच्या दशकातल्या आपल्या रस्त्यांवर हे सुख काय होतं, हे त्या रस्त्यांवर कोल्हापूर ते मुंबई केलेल्या माणसाला विचारावं.

आज कॉन्टेसा शोधत फिरणारी पिढी वेगळी आहे. पंचविशी-तिशीतली ही मुलं तिला भारताची मसल कार म्हणतात. काळा रंग, रुंद टायर, खाली बसवलेली स्प्रिंग आणि पुष्कळदा दुसऱ्या कंपनीचं दांडगं इंजिन. त्यांचं प्रेम खरं आहे. भंगारात जाणाऱ्या कितीतरी गाड्या याच मुलांनी वाचवल्या आहेत आणि त्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. तरी मला त्यांचं म्हणणं पटत नाही. मसल कार म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर उभी असलेली गाडी. कॉन्टेसा कधीच तशी नव्हती. तिची स्प्रिंग कापली आणि खाली रबराची पट्टी असावी तसे पातळ टायर घातले, की जी एक गोष्ट तिच्यात अव्वल होती तीच काढून टाकल्यासारखं होतं. दिसते देखणी, पण आजी तिच्यातून पंढरपूरला जाणार नाही. कायद्याचीही अडचण आहे. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरटीओची मंजुरी लागते, आणि कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेला छेद देणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता मामांच्या त्या वाक्याकडं. इंजिन कुणीही करून देईल, कारण १९९२ पासून तेच इसुझू इंजिन अँबॅसिडरमध्येही बसू लागलं आणि अँबॅसिडर २०१४ पर्यंत बनत राहिली. कॉन्टेसा २००२ मध्ये बंद पडली, पण तिचं काळीज थोरल्या बहिणीच्या अंगात आणखी एक तप धडधडत राहिलं. पिस्टन, गॅस्केट, क्लच प्लेट अजून मिळतात. जे फक्त कॉन्टेसाचंच होतं ते मिळत नाही: काचा, दिवे, डॅशबोर्ड, क्रोमच्या पट्ट्या, दारांची रबरं. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात लोक यासाठी दिवस घालवतात.

त्यातल्या त्यात कोल्हापूरकर नशीबवान. इथं शिवाजी उद्यमनगर आहे. ओतकाम, लेथ, साचे यांत पिढ्या घालवलेली माणसं तिथं आहेत. मागच्या आडव्या दांड्याचा बुश झिजला तेव्हा मामा तो खिशात टाकून गेले, मीही सोबत होतो. मिस्त्रींनी तो हातात घेतला, बोटानं आतून फिरवला, व्हर्निअरनं चार ठिकाणी मोजला.

"सर, हा गोल राहिलेला नाही. हा मोजून उपयोग नाही, ज्यात बसतो ते भोक मोजायला पाहिजे. गाडी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी गाडीखाली आडवं होऊन त्यांनी माप घेतलं, लेथवर बाहेरची कडी काढली, आत रबर ओतून घेतलं. पहिला नमुना कडक झाला म्हणून स्वतःच बाजूला ठेवला आणि दुसरा केला. माझ्या लेखी त्या मिस्त्रींचं मतही कॉन्टेसाबद्दलच्या मतांत धरायला हवं. ते म्हणाले, "खालचं काम लई विचार करून केलंय. दुरुस्त करायला हात जातो सगळीकडं."

लोखंडाचा दांडा उद्यमनगरात होतो, रबर ओतून मिळतं. पत्रा मात्र परत येत नाही. कुठल्याही जुन्या मालकाला विचारा, तो आधी गंजाचं बोलेल. काचेभोवतीचं रबर वाळलं की त्याला बारीक भेगा जातात. पावसाचं पाणी त्यातून झिरपतं, दाराच्या पोटात उतरतं. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती मातीनं बुजलेली असतात. पाणी तिथंच मुक्काम करतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम आटोपलेलं असतं. कोल्हापूरच्या पावसात तर विचारायलाच नको. म्हणून जुनी कॉन्टेसा घ्यायला निघालेल्याला जाणती माणसं सांगतात की इंजिनाचा आवाज मग ऐका, आधी मॅट उचला आणि फ्लोअर बघा.

यात अलीकडं पेट्रोलची भर पडली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सर्रास मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतात, मऊ पडतात, कार्ब्युरेटरमधली डायफ्रॅम आणि वॉशर लवकर जातात. गाडी महिनाभर उभी राहिली तर जास्तच. मामांनी पेट्रोलचे सगळे पाइप बदलून घेतलेत आणि दर रविवारी गाडी निदान ज्योतिबाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते.

आणि कागदपत्रं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन नव्यानं पासिंग. मामांच्या गाडीचं २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ ला झालं. २०२२ च्या एप्रिलपासून या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्यांना सवलत देणारा व्हिंटेजचा नियम केंद्रानं २०२१ मध्ये आणला, पण त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते. म्हणजे सर्वांत पहिली कॉन्टेसासुद्धा २०३४ च्या आधी त्यात बसत नाही. मामांची २०४२ ला बसेल. तोवर ती सरकारदरबारी नुसती जुनी गाडी. जतन करायची ठरलेली गाडी आणि मोडीत काढायची गाडी यांच्यामध्ये देशाच्या मोटार इतिहासातलं हे अख्खं दशक अडकून पडलंय, आणि ते सांभाळण्याचा भार मामांसारख्या निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनवर आहे. त्यासाठी वेगळा वर्ग असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गाडी बंद का पडली, हे थोडक्यात सांगता येतं. १९९१ नंतर दारं उघडली. एस्टीम आली, सिएलो आली, ॲस्ट्रा, मग होंडा सिटी. हलक्या, पळणाऱ्या, कमी पिणाऱ्या. उत्तरपाड्यातून त्यांना तोड देणारं नवं काही निघालं नाही.

गेल्या दिवाळीत मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायला बंदी केली. रविवारी मी चावी घेतली. मामा सवयीनं उजव्या दाराकडं गेले, थबकले आणि मागं जाऊन बसले. गाडी घेतल्यापासून ते मागं बसले नव्हते. रंकाळ्याला वळसा घालून आम्ही फुलेवाडीपर्यंत गेलो. आरशात मला ते दिसत होते: एक हात सीटवर पसरलेला, पाय लांब केलेला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"डाव्या मागच्या दाराचं रबर हवा सोडतंय रे," ते शेवटी म्हणाले. "बारीक शिट्टी वाजतेय. पुढं बसून मला कधी ऐकूच आली नाही."

घरी आल्यावर त्यांनी मला माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली.