विमानाआधी भोक

एपीएमसी मार्केटमध्ये भाजी उतरवणाऱ्या टेम्पोंच्या हौद्यावर बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकलेला दिसतो. हादऱ्यांनी त्याला तडा गेला, की जाणता कारागीर आधी तड्याच्या टोकाशी एक बारीक भोक पाडतो आणि मगच ठिगळ लावतो. तड्याच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो, गोल भोक तो पसरवते आणि तडा पुढे सरकायचा थांबतो. विमानांच्या दुरुस्तीतही हीच युक्ती वापरतात. मात्र तेच भोक वाईट पाडले, तर नवा तडा तिथूनच सुरू होतो.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली. (तळपद्यांची दंतकथा इथे बाजूलाच ठेवू.) तेव्हापासून घरी विमान बांधण्याची चर्चा निघाली, की पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. माझ्या मते पहिला प्रश्न पत्र्याचा असायला हवा, कारण लहान धातूच्या विमानातही हजारो रिवेट असतात आणि प्रत्येक रिवेटला एक भोक लागते.

आपल्या डब्यापातेल्यांचा अॅल्युमिनियम मऊ असतो. विमानासाठी २०२४-टी३ सारखा, तांबे मिसळून उष्णतेने कठीण केलेला पत्रा लागतो. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये जो गुण सापडला, त्याच्याच वंशातला हा पत्रा. पातेल्याच्या पत्र्यासारखा तो काटकोनात मुडपला, तर वळणावर तडकतो. ०.८ मिलिमीटर जाडीला साधारण ३ मिलिमीटर त्रिज्येचे गोल वळण द्यावे लागते. वळणाची रेघ अणकुचीदार सुईने ओढायची नाही, कारण ओरखडा हीसुद्धा तड्याची सुरुवात असते. शिसपेन्सिलही नको, तिच्यातल्या ग्रॅफाइटमुळे गंज धरतो. बारीक मार्कर वापरावा.

भोकाचे काम याहून किचकट. आठव्या भागाच्या इंची रिवेटची दांडी ३.१८ मिलिमीटर, तर भोक ३.२६. म्हणजे मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिवेटच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे ६.४ मिलिमीटर आत हवा. ड्रिल तिरके धरले, की भोक लांबट होते. भोकाच्या काठावर उरलेली कूस दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने काढावी लागते. जोर केला, तर काठ पातळ होतो. मग एका बाजूने हवेची बंदूक आणि दुसऱ्या बाजूने लोखंडी ठोकळा धरून रिवेट ठोकायचा. दबलेल्या टोकाची रुंदी दांडीच्या दीडपट आणि उंची निम्मी भरली, तर जोड पक्का.

एवढी काटेकोरपणाची गरज का, ते २०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या प्रकरणात दिसले. घरी बांधायच्या विमानांचे सुटे भाग पुरवणारी ही सर्वांत नावाजलेली कंपनी. तिने काही भागांची भोके लेझरने कापून घेतली. सपाट माथ्याचा रिवेट बसावा म्हणून भोकाभोवतीचा पत्रा वाटीसारखा दाबतात. तसे करताना त्यांतल्या काही भोकांच्या काठांना बारीक तडे गेले. भाग बदलून देण्याचा भार आणि इतर अडचणी यांमुळे त्या डिसेंबरमध्ये कंपनीला दिवाळखोरी संरक्षण मागावे लागले. ही भोके तर कारखान्यात यंत्राने पाडलेली होती.

मोजमाप, कातरकाम, कानस यांचा पाया आयटीआयच्या शीट मेटल वर्करच्या अभ्यासक्रमात मिळतो. पुढचा सराव स्वतः करायचा. भंगारातला मऊ पत्रा हाताला खोटी सवय लावतो, म्हणून त्याच मिश्रधातूचे दोन तुकडे विकत घ्यावेत. ते कापावेत, कडा कानशीने साफ कराव्यात, भोके पाडून पत्रे जोडावेत. नंतर अर्धे रिवेट मुद्दाम काढून टाकावेत. माथ्याच्या अचूक मध्यावर ड्रिल लावून माथा उडवायचा आणि दांडी हळूच बाहेर ढकलायची. काढताना भोक मोठे झाले, तर तिथे पुढच्या मापाचा रिवेट लागतो आणि मग कडेपासूनचे अंतर पुन्हा मोजावे लागते.