कुत्रे अंथरूण का फाडते?

घरात कुत्रे पाळणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. 'रात्री चांगले जाड पोते अंथरून दिले, सकाळी पाहतो तर अंगणभर चिंध्या!' कुणाची गोणपाटे जातात, कुणाच्या उशा, कुणाचे घोंगडे. मग कुत्रे 'माजले आहे' असे ठरते आणि त्याच्या पाठीत काठी बसते. काठीने अंथरूण काही वाचत नाही, हाही सगळ्यांचाच अनुभव.

आमच्याकडे बिजली नावाची मुधोळ जातीची कुत्री आहे. मुधोळ म्हणजे आपल्याच शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही शिकारी जात. २००५ साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले आणि २०१६ मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिक्षणासाठी गेली. लांब पाय, आत ओढलेले पोट, अंगावर चरबी नावाला. त्यामुळे उघड्या फरशीवर झोपले की यांच्या कोपरांना घट्टे पडतात. म्हणजे मऊ अंथरूण हवेच, आणि बिजली नेमके तेच फाडायची.

गोणपाटांचे कुणाला काही वाटत नव्हते. पण एक दिवस तिने दोरीवर उन्हाला घातलेली वाकळ ओढली. आमच्या अत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, आईच्या इरकल लुगड्यांची ती वाकळ. अत्तींचे माहेर बैलहोंगलचे, त्या तिला कौदी म्हणतात. फाटका तुकडा हातात घेऊन त्या नुसत्या बसून राहिल्या. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. संध्याकाळी ह्यांनी निकाल दिला, 'रविवारी कुत्री शेतावर पाठवायची.' धाकटा ताटावरून उठला. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांचे तीन प्रश्न

डॉक्टरांनी औषध दिले नाही, तीन प्रश्न विचारले. कधी फाडते? फाडण्याआधी काय करते? फाडलेले गिळते का? उत्तरे आठ दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सांगितली. 'अंथरूण फाडणे हा रोग नाही, ती खूण आहे. कशाची, ते वेळेवरून कळते,' असे ते म्हणाले.

या खुणांमागची कारणे साधारण अशी असतात.

पहिले कारण दातांचे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि समोर येईल ते चावले जाते. गार गाजर चावायला दिले की बरे वाटते. हा त्रास वयाबरोबर सरतो.

दुसरे कारण जातीच्या स्वभावाचे. निजण्याआधी गोल फिरणे, पंजाने उकरणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. रानातला त्याचा पूर्वज माती उकरून जागा करायचा, उन्हाळ्यात खालचा गारवा शोधायचा. दोन-चार वेळा उकरून कुत्रे झोपले तर तो त्याचा बिछाना घालण्याचा प्रकार आहे. तिथे रागावण्यासारखे काही नाही.

तिसरे कारण अंगाचे. पिसवा आणि गोचिडी झाल्या की कुत्रे स्वतःला चावता चावता अंथरुणालाही चावते. आपल्याकडे पावसाळ्यात अंथरुणे ओलसर राहतात. ती आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. गोचिडीवर रॉकेल चोळण्याचा जुना उपाय मात्र करू नये. त्याने कातडी भाजते आणि चाटले तर पोटात जाते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच लावावे.

चौथे कारण फक्त कुत्रीचे. माजावर येऊन गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी, गाभण नसतानाही, काही कुत्र्या गाभण असल्यासारख्या वागतात. कोपऱ्यात चिंध्या गोळा करतात, एखादी चप्पल पिल्लासारखी कुशीत घेतात, कधी आचळांना दूधही येते. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबते. आचळ पिळू नयेत, त्याने दूध वाढते. लांबले किंवा आचळ कडक झाले तर डॉक्टरांना दाखवावे.

पाचवे आणि आजकाल फार दिसणारे कारण म्हणजे रिकामपण आणि एकटेपण. या दोहोंत फरक आहे. कंटाळलेले कुत्रे खेळल्यासारखे फाडते आणि मग झोपते. एकटेपणाला घाबरलेले कुत्रे आपण बाहेर पडताच सुरू होते. ते दारापाशी ओरबाडते, रडते, लाळ गाळते, अन्नाला तोंड लावत नाही. अशा कुत्र्याला आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा असे हळूहळू एकटे राहायला शिकवावे लागते.

आमच्या कॅलेंडरने काय सांगितले? सोमवार ते शनिवार, मुले शाळेत, आम्ही दोघे कामावर, अत्ती मठात गेल्या की दहा ते एकच्या दरम्यान चिंध्या. रविवारी काहीच नाही. दारापाशी ओरखडे नाहीत, वाटीतली भाकरी संपलेली. मैलभर पळण्यासाठी जन्मलेले जनावर बारा फुटांच्या अंगणात बसून होते, दुसरे काही नाही.

धोका कुठे आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, फाडलेले गिळते का? कापूस, फोम, दोरा पोटात गेला तर आतडे अडते. वाकळीचा लांब दोरा तर फारच वाईट, आतड्याची चुणी करून ते कापतो. वारंवार उलटी, अन्न सोडणे, शौचाला न होणे, मलूल पडणे यांपैकी काही दिसले तर थांबू नये. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये, तसेच डॉक्टरांकडे न्यावे. ट्रंकेतली जुनी गोधडी देताना डांबरगोळीही तिच्या घडीत जाऊ देऊ नका. कुत्र्याला ती विषारी असते.

काय करावे?

सकाळी घराबाहेर पडण्याआधी अर्धा-पाऊण तास दोरीला बांधून चांगले फिरवावे. मुधोळ कुत्रे ससा दिसला की हाक ऐकत नाही, म्हणून रस्त्यावर मोकळे सोडू नये. खाल्ल्यावर लगेच पळवू नये. पोट भरल्यावर धावणे खोल छातीच्या कुत्र्यांना बाधू शकते.

ज्वारीच्या भाकरीचे बारीक तुकडे अंगणात कुंड्यांआड लपवून ठेवावेत. नाकाने शोधून खाण्यात कुत्र्याचा तासभर जातो आणि डोके थकते. चावायला जाड रबराचे खेळणे द्यावे. शिजवलेले हाड देऊ नये, त्याच्या कपच्या टोचतात. जुना मोजा खेळायला देऊ नये, कारण हा मोजा आपला आणि ती वाकळ अत्तींची, हे कुत्र्याला कळत नाही.

अंथरुणात कापूस नको. घोंगडे चौघडी घालून, कडा शिवून, बाजेवर पसरावे. ओल लागत नाही आणि दाताला धागा सापडत नाही. काहीजण अंथरुणावर तिखट टाकतात, त्याने डोळे-नाक भाजते. ते टाळावे.

आपल्या दुभाषी घरांत आणखी एक गोष्ट सांभाळावी. आमच्याकडे मुले 'सोड' म्हणायची, अत्ती 'बिडू'. मुले 'बस' म्हणायची आणि अत्ती 'बा' म्हणून जवळ बोलवायच्या. बिचारीने बसावे की यावे? शेवटी घरात ठरले, सोडायला 'बिडू', बसायला 'बस', यायला 'बा इकडे'. एका कामाला एकच शब्द, मग तो कुठल्याही भाषेतला असो. तोंडातली वस्तू सोडली की लगेच भाकरीचा तुकडा. आठवड्यात 'बिडू' पक्के झाले.

राहता राहिली काठी. चिंध्या पाहून आपण ओरडलो की कुत्रे कान पाडते, आणि आपण म्हणतो, 'बघा, चूक कळते त्याला.' अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हे तपासले. कुत्र्याने खाऊ चोरला होता की नव्हता, याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे. म्हणजे तीन तासांपूर्वीच्या चिंध्यांसाठी दिलेला मार कुत्र्याच्या लेखी विनाकारणच असतो, आणि घाबरलेले कुत्रे आणखी फाडते.

मुदत संपली त्या रविवारी बैलहोंगलला कुणी गेले नाही. पुढच्या महिन्यात दोन गोणपाटे गेली, त्यानंतर एकही नाही. वाकळ आता कपाटात असते, तिच्या फाटल्या कोपऱ्याला अत्तींनी निळे ठिगळ लावले आहे. तुमच्याही घरी कुत्र्याला घालवण्याची भाषा सुरू झाली असेल तर आधी आठ दिवस मागून घ्या आणि कॅलेंडरशेजारी एक पेन्सिल बांधून ठेवा.