फाटकापासून 50 मीटर

भंडारा जिल्ह्यात लठ्ठपणाचा विषय काढला की लोकांना तो शहरातला आजार वाटतो. भाताच्या आणि तळ्यांच्या या जिल्ह्यात आजवर चिंता राहिली ती कमी वजनाच्या बाळांची. अंगणवाडीतला वजनकाटाही मुख्यतः कुपोषण हुडकण्यासाठीच. आणि जे मोजलं जात नाही, त्यावर सरकार निर्णय घेत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मोजलं, तेव्हा देशातल्या पाच वर्षांखालील मुलांमधलं अतिवजनाचं प्रमाण 2015-16 मधल्या 2.1 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 3.4 टक्क्यांवर गेल्याचं दिसलं.

तरी नुसत्या आकड्याने धोरण ठरत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन किंग्डन यांनी 1984 मध्ये मांडलं, की समस्या डोळ्यांत भरली, तोडगा हाताशी तयार असला आणि राजकीय हवा अनुकूल असली, तरच निर्णय होतो. मेक्सिकोत असं जुळून आलं. लठ्ठपणा वाढला होता, तज्ज्ञांकडे कराचा प्रस्ताव तयार होता आणि सरकारला महसूलही हवा होता. 2014 पासून तिथे गोड पेयांवर लिटरमागे 1 पेसो कर लागला.

आपल्याकडे रेटा लावला तो न्यायालयाने. शाळांमधल्या जंक फूडविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात 2010 मध्ये जनहित याचिका दाखल झाली, 2015 मध्ये निकाल लागला. 2017 च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा-बर्गर हद्दपार केले. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत उपाहारगृह असतं कुठे? तिथे मधल्या सुट्टीत खिचडी मिळते आणि चिप्सचं पाकीट फाटकाबाहेरच्या टपरीवर. म्हणून माझ्या मते भंडाऱ्यासाठी खरा महत्त्वाचा नियम केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आहे. 2020 मध्ये अधिसूचित झालेल्या या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळकरी मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. याचिकेपासून इथवर यायला दहा वर्षं लागली.

कागदावरचा नियम आपोआप पाळला जात नाही, हे तंबाखू-सुपारीचा खर्रा सर्रास पाहणाऱ्या विदर्भाला सांगायला नको. शाळेभोवती 100 यार्डांत तंबाखू विकायला बंदी घालणारा कायदा 2003 चा आहे. शिवाय टपरीवाल्याचं पोटही चिप्सच्या पाकिटांवर आहे. त्याला हुसकावण्यापेक्षा भाजलेले चणे, शेंगदाणे, मुरमुरे, पेरू ठेवायला लावणं शहाणपणाचं.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमसर असो की लाखांदूर, पालकांनी पुढच्या सभेआधी टेप घेऊन फाटकापासून 50 मीटर मोजावेत, सभेत ठराव घ्यावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला व अन्न व औषध प्रशासनाला पाठवावी.