सावकाश रियाजाचे शास्त्र

गिटार शिकू लागलेल्या व्यक्तीला पहिल्या काही आठवड्यांत अडते ते स्वरज्ञानापाशी नव्हे, तर बोटांपाशी. एकाच वेळी छेडल्या जाणाऱ्या स्वरांच्या समूहाला कॉर्ड म्हणतात आणि ‘सी’ व ‘जी’ या मेजर कॉर्ड बहुतेकांना सुरुवातीलाच शिकाव्या लागतात. तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजल्या, तर ‘सी’ धरताना डाव्या हाताची तर्जनी दुसऱ्या, मध्यमा चौथ्या आणि अनामिका पाचव्या तारेवर असते. ‘जी’ धरण्यासाठी मात्र तर्जनीला पाचव्या, मध्यमेला सहाव्या आणि अनामिकेला थेट पहिल्या तारेवर जावे लागते. शिवाय प्रत्येक बोट फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्टीच्या, अगदी मागे टेकावे लागते, कारण ते दूर पडले तर अधिक जोर लावावा लागतो आणि तरीही तार खरखरते. मिनिटाला 60 ठोक्यांच्या संथ लयीतही दोन ठोक्यांमध्ये मिळतो तो एकच सेकंद, आणि तेवढ्या वेळात तिन्ही बोटांनी आपली जागा बदलायची असते.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये अशा कौशल्यांच्या शिक्षणाचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागते, दुसऱ्यात हालचाली एकमेकींशी जोडल्या जाऊन चुका कमी होतात आणि तिसऱ्यात त्या जवळजवळ आपोआप घडू लागतात. पहिल्या टप्प्यातला सारा भार कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे चालू क्षणीची माहिती धरून ठेवणाऱ्या आणि क्षमता अत्यंत मर्यादित असलेल्या स्मृतीवर पडतो. त्यामुळे लय वाढवली की एखादे बोट हमखास चुकते, आणि चुकीची हालचाल वारंवार झाली तर तिचीही सवय लागते. म्हणूनच तिन्ही बोटे बिनचूक पडतील इतकीच लय ठेवणे, ही लय कितीही रटाळ वाटली तरी, शिकण्याच्या दृष्टीने हिताचे ठरते.

लयीइतकेच महत्त्व दोन बैठकांमधील अंतराला आहे. ॲलन बॅडली आणि डी. जे. ए. लाँगमन यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना त्यांचे चार गट केले होते. रोज एकच तास सराव करणाऱ्यांना कळफलक आत्मसात करण्यासाठी एकूण सुमारे 35 तास लागले, तर दोन-दोन तासांच्या दोन बैठका रोज करणाऱ्यांना सुमारे 50 तास लागले. मात्र दिवसांच्या हिशेबात पहिला गट मागे राहिला आणि आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराजही तोच होता. कमी तासांत शिकूनही आपण रेंगाळतो आहोत, अशी त्यांची भावना होती. गिटारचा सराव टंकलेखनासारखाच बोटांच्या क्रमबद्ध हालचालींचा असल्यामुळे हा निष्कर्ष नवशिक्याने ध्यानात घेण्याजोगा आहे.

मधल्या काळात मेंदू रिकामा बसत नाही. सरावातून चेतापेशींमधील जोडण्यांत झालेले बदल नंतर स्थिरावत जातात. या प्रक्रियेला स्मृतीचे दृढीकरण म्हणतात. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचा प्रयोग केला असता, मध्ये सराव न करताही रात्रीच्या झोपेनंतर सहभागी व्यक्तींचा वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला आढळला. त्यातील काही वाटा आदल्या दिवशीचा थकवा उतरल्याचा असावा, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवले असले, तरी विश्रांती वाया जात नाही हे दोन्ही स्पष्टीकरणांत समानच आहे. दीर्घकालीन सरावाचा परिणाम मेंदूच्या रचनेतही दिसतो. थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांना 1995 मध्ये तंतुवादकांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाला अधिक तीव्र प्रतिसाद मिळाला आणि वादनाला ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती त्यांच्यात तो अधिक ठळक होता.

बोटांच्या त्वचेलाही अवधी लागतो. पहिली पोलादी तार जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची असते, त्यामुळे दाब बोटाच्या अगदी अरुंद भागावर एकवटतो. अशा दाबामुळे त्वचेचा बाह्य थर हळूहळू जाड होऊन बोटांना घट्टे पडतात आणि दुखणे कमी होते. पण एकाच दिवशी तासन्‌तास वाजवल्याने घट्ट्यांऐवजी फोड येण्याची शक्यता अधिक असते.

रियाजाच्या अखेरीस आलेली सफाई बऱ्याचदा तात्पुरती असते. म्हणून प्रगती मोजायची झाल्यास दुसऱ्या दिवशी गिटार हाती घेतल्यावर पहिल्याच मिनिटात ‘सी’ ते ‘जी’ हा बदल किती वेळा स्वच्छ वाजतो ते मोजावे, आणि तो आकडा आठवड्यागणिक वाढत असेल तर इतर कोणाच्या वेगाशी तुलना करू नये.