फीचा रकाना रिकामा कसा राहतो?

फ्रँकफर्टच्या दक्षिणेला डार्मस्टाट नावाचं शहर आहे. तिथलं तंत्रविद्यापीठ नावाजलेलं. तिथे नेहमीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला की विद्यापीठ शिकवण्याचे पैसे घेत नाही. विद्यार्थी डार्मस्टाटचा असो नाहीतर सांगलीचा! दर सहामाहीला दोन-तीनशे युरो भरावे लागतात, पण ती पावती एकदा नीट वाचावी. मेस आणि वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेची वर्गणी, विद्यार्थी मंडळाची वर्गणी, आणि मोठा वाटा बस-ट्रेनच्या पासाचा. प्राध्यापकाच्या पगारापोटी त्यात काहीच नाही.

परदेशी शिक्षण म्हणजे घर गहाण, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं झालंय की ही पावती खोटी वाटते. समीकरण मुळात आलं ते इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून. ब्रिटनमध्ये १९६७ साली पहिल्यांदा परदेशी विद्यार्थ्याची फी वेगळी झाली: घरच्यांना ७० पौंडांच्या आसपास, बाहेरच्यांना २५०. १९८० पासून बाहेरच्यांकडून पूर्ण खर्च वसूल व्हायला लागला. आज इंग्लंडमध्ये पदवीच्या स्थानिक विद्यार्थ्याच्या फीला सरकारी कमाल मर्यादा आहे, परदेशी विद्यार्थ्याच्या फीला नाही.

जर्मनीतही सगळं पहिल्यापासून मोफत नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं, त्या काळी तिथे व्याख्यानांचे पैसे मोजावे लागत. पश्चिम जर्मनीत ती पद्धत १९७० च्या सुमारास गेली. मग २००५ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने निकाल दिला की फीवर देशभर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय. लगेच सात राज्यांनी सहामाहीला साधारण ५०० युरो फी लावली. आपल्या खासगी कॉलेजांपुढे ही रक्कम किरकोळ. पण तिथे लोक उठले.

बव्हेरियात काय झालं ते मला फार विलक्षण वाटतं. तिथल्या नियमाप्रमाणे एखादा कायदा बदलण्याची मागणी लोकांना करता येते, पण दोन आठवड्यांच्या आत राज्यातल्या दहा टक्के मतदारांनी सरकारी कचेरीत स्वतः जाऊन सही करायची. जानेवारी २०१३, ऐन हिवाळा. सुमारे साडेतेरा लाख लोक गेले, म्हणजे चौदा टक्क्यांच्या वर! त्यातले कितीतरी जण स्वतः विद्यार्थी असण्याच्या वयाचे नव्हते. विधिमंडळाने फी रद्द केली. २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीनेही ती काढली, आणि सातही राज्यं पुन्हा मोकळी झाली.

हे लोक सही करायला गेले ते आपल्या मुला-नातवंडांसाठी. पण नियमात पासपोर्टची अट नव्हती, म्हणून तीच माफी पुण्याच्या मुलीलाही मिळाली. तिच्या वर्गाचा खर्च तिथला करदाता उचलतो.

मग ‘बारा लाख लागतात’ असं जे ऐकू येतं ते काय? ते ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी एका खात्यात ठेवायचे. पैसे तुमचेच, फक्त कुलूपबंद. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो हातात येतात आणि त्यातून भाडं, किराणा, आरोग्यविमा भागवायचा. विद्यापीठाला यातलं काही जात नाही. तरीही एवढी रक्कम एकदम उभी करणं ही साध्या नोकरदार घरासाठी खरी अडचण आहे. ‘जर्मनीत सगळं फुकट’ म्हणणारे ती सांगत नाहीत, याचा मला राग येतो. हेच लोक खासगी विद्यापीठांबद्दलही बोलत नाहीत. जर्मनीत तीही आहेत, आणि त्यांची फी चांगली भक्कम असते. सरकारी विद्यापीठांतलेही काही खास अभ्यासक्रम, विशेषतः नोकरी करणाऱ्यांसाठीचे, सशुल्क असतात.

आणि दार हळूहळू लोटलं जातंय. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो लावले. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग त्यात आले. साडेतेरा लाख सह्या झाल्या त्याच बव्हेरियातल्या म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्याने येणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सहामाहीला ४,००० किंवा ६,००० युरो फी ठेवली. चार सहामाह्यांचे सोळा ते चोवीस हजार झाले. डार्मस्टाट हेसन राज्यात, म्हणून तिथे ही फी नाही. विद्यापीठांची यादी करताना क्रमवारीच्या शेजारी राज्याचं नावही लिहा, आणि मग त्या अभ्यासक्रमाच्या पानावर फीचा रकाना स्वतः वाचा.